दुसऱ्या सीटचा मान

आमच्या घरात जेवणारी तोंडं दहा-अकरा, आणि यांनी गाडी आणली ती दोन सीटची. सगळं इथूनच बिघडलं असं मी अजूनही मानते.

'हे' म्हणजे माझे यजमान. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि आता मला दटावायला घरात कुणी उरलेलं नसलं तरी जीभ वळत नाही. तेव्हा हे ते हेच राहू देत.

जंजिरा संस्थान विलीन झालं त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांतली ही गोष्ट. मुरुडमधले बरेच अंमलदार बाडबिस्तरा आवरून निघाले. त्यांतल्या एकाकडे ही गाडी होती. हिरव्या रंगाची, बाजेएवढी ठेंगणी, वर कापडी टप, आणि तोही मिटून मागे टाकता येणारा. दोन माणसं बसली की गाडी भरली. मागे एक फळी होती, तिच्यावर फार तर नारळाचं एखादं पोतं राहील. ह्यांनी ती गाडी घेतली आणि आमच्या नारळ-पोफळीच्या वाडीतून हॉर्न वाजवत दारात आणून उभी केली. मी लग्न होऊन नवीनच आलेली. दाराआडून बघितली. सासूबाईंनी नारळ फोडला, चाकांवर पाणी घातलं आणि मग शांतपणे विचारलं, "आणि बाकीच्यांनी कुठे बसायचं?"

हे हसले. पण प्रश्न खराच होता, आणि त्याचं उत्तर आमच्या घराच्या रीतीप्रमाणे लगेच ठरून गेलं. नव्या माडाचं पहिलं शहाळं मामंजींना, पहिल्या काढणीचा आंबा मामंजींना, तसा गाडीच्या दुसऱ्या सीटचा पहिला मान मामंजींचा. मामंजी म्हणजे माझे सासरे. ते बसले की मग सासूबाई, मग आत्या, मग सुट्टीला आले की मोठे दीर, अशी ती रांग होती. धाकट्या सुनेचा नंबर कुठे लागायचा ते तुम्हीच ओळखा. त्यातून उघड्या गाडीत नवऱ्याच्या शेजारी बसून बाजारपेठेतून जायचं, हे तर वडीलधाऱ्यांच्या देखत मनातही आणायची सोय नव्हती.

मी ते मनात आणत होते. अगदी रोज. लपवायचं काय त्यात? मला त्या गाडीत बसायचं होतं आणि मामंजी बसल्याशिवाय ते होणार नव्हतं.

हे मुंबईला इंटर सायन्सपर्यंत शिकलेले. पुढे इंजिनीयर व्हायचं होतं. पण मामंजींच्या कमरेचं दुखणं बळावलं, थोरले दीर नोकरीपायी बाहेरगावी, वाडी बघायला कुणी नाही, म्हणून मामंजींनी यांना बोलावून घेतलं. हे आले. एका शब्दाने कुरकुरले नाहीत. मामंजींनीही त्याबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. बापलेकांत भांडण असं कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वेळा वाटलं आहे. आमच्या घरातले पुरुष सुपारीच्या भावावर तासभर बोलायचे आणि मनातलं बोलायची वेळ आली की खाकरून उठून जायचे.

गाडी आली त्या दिवशी मामंजींनी तिच्याभोवती एक फेरी मारली, काठीने टायर दाबून पाहिला आणि म्हणाले, "बरी आहे." बस्स. हे मात्र तो शब्द घेऊन बसले. रात्री मला म्हणाले, बाबांना वाटतं हा पोरखेळ आहे. मी म्हटलं, ते तसं कुठे म्हणाले? तर म्हणे तुला कळत नाही. आणि तेव्हाच यांनी ठरवून टाकलं, की माघातल्या चतुर्थीला बाबांना ह्याच गाडीतून पालीला न्यायचं. मामंजींचा दर वर्षी माघात बल्लाळेश्वराला जायचा नेम होता. आधी बैलगाडीने जात, मग एसटी सुरू झाल्यावर एसटीने. रोह्यावरून जायचं, मध्ये घाट. यांची अट एकच, ती यांनी स्वतःलाच घातलेली. गाडी मुरुडहून निघाली की पालीपर्यंत कुठेही थांबता कामा नये. बाबा शेजारी बसलेत, गाडी रस्त्यात बंद पडली आहे आणि मागून बैलगाडीवाले हसत पुढे चाललेत, हे यांना स्वप्नातसुद्धा नको होतं.

आणि ती गाडी नेमकी बंद पडायची.

घाटाच्या पायथ्यापर्यंत जायची, खोकायची, दोन-चार आचके द्यायची आणि गप्प व्हायची. कधी तर पडवीतूनच बाहेर निघायची नाही. कधी उलट, बुध-गुरुवारी सहज म्हणून काढली की अशी पळायची की हे गाणं म्हणत परत यायचे. पण वाडीच्या कामातून यांना मोकळीक मिळायची ती रविवारी, आणि रविवारी तिचा रुसवा ठरलेला. आम्ही तिला 'रविवारची सासुरवाशीण' म्हणायचो. म्हणजे मी म्हणायचे, हळूच.

मुरुडमध्ये मोटारदुरुस्तीचं दुकान कुठलं? जे करायचं ते यांनीच. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, ते यांचं पाठ झालं होतं. रविवारी सकाळी चहा झाला की बॉनेट उघडायचं, बाह्या सारायच्या आणि मला हाक मारायची. मी म्हणजे त्या कारखान्यातली मदतनीस. माझं काम काय, तर पोफळीची वाळलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद साल, जमिनीवर पसरायची आणि हे इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग एकेक करून काढून देतील तसे तिच्यावर ओळीने मांडायचे. ओळ चुकवायची नाही. कुठला प्लग कुठल्या भोकातला हे कळलं पाहिजे, कारण त्याच्या रंगावरून आतली तब्येत कळते. चांगला प्लग भाजलेल्या रव्याच्या रंगाचा दिसतो हे मी तेव्हा शिकले. काळा काजळी धरलेला असला तर एक दुखणं, पांढरा करपलेला असला तर दुसरं. मग हे तारेच्या ब्रशाने प्लग घासायचे, टोकाजवळच्या फटीत एक पातळ पत्ती घालून बघायचे, फट कमी-जास्त करायचे. आधी तो भाग फुंकून घ्यायचा, प्लग बोटांनी फिरवत आत न्यायचा आणि मगच पाना लावायचा, नाहीतर आटे मरतात. हेसुद्धा मला पाठ आहे. पुरणाचं प्रमाण विसरेन, हे विसरणार नाही.

ठिणगी बघायची एक रीत होती. काढलेला प्लग तारेला तसाच लावून इंजिनाच्या अंगावर टेकवून ठेवायचा आणि पुढून हँडल मारायचं. हँडल मारायला आमचा वाडीतला गडी. हे वाकून बघायचे. ठिणगी निळी, कडक पडली पाहिजे. आमची पडायची ती पिवळी, मरगळलेली. हँडलने एकदा उलटा झटका दिला आणि गड्याचं मनगट सुजलं, तेव्हा तो बिचारा मला म्हणाला, "वहिनी, ह्या गाडीत बिघाड न्हाय. हिला नजर लागलीय. नारळ उतरून टाका एक." मी खरंच टाकला. यांना सांगितलं नाही.

प्लग नवे आले. पुन्हा नवे आले. मुंबईहून बोटीने यायचे, यांचा कॉलेजातला मित्र पाठवायचा. नवे बसवले की दोन-चार दिवस गाडी बरी चाले आणि रविवारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दर माघात मामंजी पालीला जायचे ते एसटीनेच. जाताना पडवीकडे एकदा बघायचे आणि विचारायचे, "तयार नाही का अजून?" हे म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. मामंजी मान डोलवायचे. आणि मामंजी बसले नाहीत म्हणून कुणीच बसलं नाही. दुसऱ्या सीटवर नारळाचं पोतं बसायचं, सुपारीचं बाचकं बसायचं. मला त्या पोत्याचा राग यायचा, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

आता मामंजींच्या शनिवारबद्दल सांगते.

समुद्राकाठी लोखंड टिकत नाही. डबीत ठेवलेली सुईसुद्धा गंज धरते. कुलूप महिनाभर हात न लावता राहिलं तर ते फोडावंच लागतं. मामंजींचं त्यावरचं औषध एकच, खोबरेल. शनिवारी दुपारची झोप झाली की ते पितळेची वाटी भरून घरच्या घाण्यावरचं खोबरेल घ्यायचे आणि आळीच्या टोकाला मारुतीला घालायला जायचे. वाटीतलं सगळं तेल देवाला घालायचे नाहीत. थोडं उरवून परत आणायचे. ते देवाचं उरलेलं तेल घरातल्या लोखंडाला. माडाच्या झावळीतल्या हिराच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, तो तेलात बुडवायचा आणि विहिरीच्या रहाटापासून सुरुवात. मग दारांच्या बिजागऱ्या, कड्या, कुलपं, ट्रंकांचे खटके, माझं शिवणाचं मशीन, अगदी भिंतीवरच्या घड्याळाच्या चावीचं भोक. कमरेचं दुखणं असूनही हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. शनिवारी संध्याकाळी घरात कुठलंही दार ढकला, करकरत नसे. आणि सगळ्या घराला तोच वास. आमचे केस, हात, पदर, उशा, सगळ्यांनाच तो असायचा. त्यामुळे तो वास आहे हेच कुणाच्या लक्षात यायचं नाही.

मग एका माघाच्या आधी यांनी पुन्हा नवे प्लग बसवले आणि तरीही ठिणगी पिवळीच पडली. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग एकदम म्हणाले, प्लगचा दोष नाहीच, दोष कॉइलचा. मला समजावून सांगितलं. बॅटरीतली वीज अगदी किरकोळ, ती फुगवून ठिणगी पाडण्याइतकी जबर करणारा हा डबा, हाच म्हातारा झालाय. मित्राला कळवलं. गवतात गुंडाळलेली नवी कॉइल बोटीने आली ती चतुर्थीच्या दोन दिवस आधी. शुक्रवारी यांनी वाडीचं काम सोडून दिलं. बॅटरीची तार आधी सोडवली, जुन्या कॉइलच्या तारा कुठली कुठे ते मला मोठ्याने म्हणून ठेवायला लावलं, पट्ट्याचे स्क्रू काढले, नवी बसवली. वीज जोडणारे-तोडणारे आतले पॉइंट काचपेपरने घासून पेट्रोलने पुसले. प्लग टेकवला, गड्याने हँडल मारलं आणि हे ओरडले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी वाकले. ठिणगी निळी होती. चट्ट वाजली.

त्या वेळचा यांचा चेहरा मी लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही.

शनिवारी सकाळी हे एकटे घाट चढून, उतरून परत आले. गाडी कुठे अडखळली नाही. दुपारी पानावर बसल्यावर म्हणाले, "बाबा, उद्या पालीला गाडीने जाऊ." मामंजींचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "पहाटे निघू. उन्हाचा त्रास नको." एवढंच. पण हात धुतल्यावर त्यांनी सासूबाईंना काळा कोट कुठे आहे ते विचारलं, तो उन्हात टाकायला लावला आणि तेल घेऊन मारुतीला गेले ते नेहमीपेक्षा लवकर गेले. हे इकडे निवांत घोरत होते. मी लाडवांचा रवा भाजत होते आणि मनात म्हणत होते, उद्या मामंजी, परवा सासूबाई, आत्यांना गाडी लागते म्हणून त्या बसणारच नाहीत, म्हणजे माझा नंबर फार लांब नाही.

पहाटे चांगलंच गारठलं होतं. आमच्याकडे माघात तशी थोडी थंडी पडतेच. आळीतली माणसं उपरणी-शाली पांघरून बघायला जमली होती, कारण मामंजी मोटारीतून जाणार ही आळीची बातमी होती. मामंजी कोट घालून, कानांवरून मफलर गुंडाळून, काठी आणि पिशवी घेऊन ओटीवर बसले होते. पिशवीत बल्लाळेश्वराचा नारळ. मी दारात हळदकुंकवाचं तबक घेऊन उभी. पडवीत गड्याने हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. गाडीने साधा आचकासुद्धा दिला नाही.

यांनी बॉनेट उघडलं. वीज चार प्लगांना वाटून देणारी ती टोपी दोन खटक्यांनी अडकवलेली असते. ती काढली. कंदील जवळ धरला. आत सगळं पांढरं होतं. पॉइंटवर, टोपीच्या आतून, तारांच्या तोंडाशी, नव्या कॉइलच्या डोक्यावर, पांढरा दाट थर. आधी यांना वाटलं मीठ आहे, खाऱ्या वाऱ्याचं. बोट लावलं, चोळलं, तर ते बोटावर वितळलं. यांनी बोट नाकाशी नेलं.

थंडीत खोबरेल थिजतं. इतर दिवसांत ते पाण्यासारखं असायचं, दिसायचं नाही, आणि वास तर आम्हा सगळ्यांनाच होता.

"इथे तेल कुणी घातलं?" यांनी विचारलं.

मामंजी ओटीवरून म्हणाले, "मी. दर शनिवारी खटके उघडून घालतो. काल जरा सढळ हाताने घातलं, लांबचा पल्ला म्हणून." आवाज असा, की आता कुणीतरी शाबास म्हणणार आहे.

यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता, तर रागाच्या भरात बोलला असं म्हणून सोडून देता आलं असतं. एखादा मास्तर फळ्यावरची चूक दाखवतो तशा आवाजात हे म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं ही गाडी तुम्हीच बंद पाडत होतात. जे कळत नाही त्याला हात कशाला लावायचा?"

 गडी खाली बघायला लागला. मी तबक उंबऱ्यावर ठेवलं.

"गंजू नये म्हणून रे," मामंजी म्हणाले. मग काठी टेकून उठले, पिशवी घेतली, वहाणा घातल्या. सासूबाई म्हणाल्या, थांबा थोडं, तो पुसून घेईल. तेव्हा म्हणाले, एसटीची वेळ झाली आहे. आणि पायऱ्या उतरून, जमलेल्या माणसांना नेहमीसारखा हात करत स्टँडकडे गेले. पालीला जायच्या दिवशी ते कधी रागावत नसत. त्या दिवशीही रागावले नाहीत.

पेट्रोलने पुसायला कितीसा वेळ लागतो? सगळं पुसलं, हँडल मारलं आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. हे तशीच काढून स्टँडवर गेले तर एसटी सुटलेली. घाटाच्या अलीकडे गाठली. हॉर्न वाजवून थांबायला लावली. हे यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ड्रायव्हर ओळखीचा, तो थांबला. हे खिडकीखाली उभे राहिले आणि म्हणाले, बाबा, उतरा, गाडी चालू झाली. मामंजी खिडकीतून वाकून गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तिकीट काढलंय."

एसटी पुढे आणि मागे धुळीत ही गाडी, असे हे रोह्यापर्यंत गेले. कशाला गेलात म्हणून मी विचारलं. म्हणाले, वळायला जागाच मिळाली नाही. इतक्या रुंद रस्त्यात.

त्यानंतर ती गाडी कधीही बंद पडली नाही. एकदाही नाही. मामंजी पुढे बरीच वर्षं जगले, हिंडत-फिरत होते, माघात पालीला एसटीने जात होते. यांनी दर वर्षी आदल्या दिवशी विचारलं आणि दर वर्षी ते म्हणाले, एसटी बरी, पाय पसरता येतात. कुढत बसलेले नव्हते ते. पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, आमच्या मुलाची गाडी कध्धी बंद पडत नाही, स्वतः सगळं बघतो. हे ऐकलं की हे उठून वाडीत जायचे.

शनिवारचं तेल चालूच होतं. रहाट, बिजागऱ्या, कुलपं, माझं मशीन. वाटी घेऊन मामंजी पडवीत शिरायचे, पडवीच्या दाराच्या बिजागऱ्यांना हीर लावायचे, कोयंड्याला लावायचे, आणि गाडीला वळसा घालून बाहेर यायचे. वळसा घालताना अंगरखा गाडीला लागू नये म्हणून तो हाताने आवरून धरायचे. मी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून कितीदा बघितलं असेल.  मला दोघांचाही राग यायचा. एकाने 'चुकलं' म्हणावं आणि दुसऱ्याने 'बरं' म्हणावं, यापलीकडे करायचं काय होतं?

यांनी ते आपल्या परीने म्हणून पाहिलं. एका शनिवारी बॉनेट मुद्दाम उघडं ठेवलं, गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या मला दाखवल्या, त्यांना तेल चालतं असं मामंजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, जणू माझ्याशी बोलावं तसं म्हणाले आणि वाडीत निघून गेले. मामंजी आले. उघड्या बॉनेटपाशी थोडा वेळ उभे राहिले. मग वाटी खाली ठेवली, हात धोतराला दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसले आणि बॉनेट हलकेच लावून घेतलं.

साठ साल उलटल्यावर एका पावसाळ्यात मामंजी झोपेतच गेले. सुतकाचे दिवस चालू असताना सासूबाई एकदा माझ्याजवळ बसल्या आणि आपण होऊन बोलल्या. "कॉलेज सोडायला लावलं ते तुझ्या मामंजींना फार लागलं होतं गं. गाडी आली त्या रात्री मला म्हणाले, त्याची यंत्रं माझ्यापायी सुटली, हे एक तरी टिकलं पाहिजे."

मी ते यांना सांगितलं. सांगावं की नाही असा विचारही केला नाही, कारण त्या घरात न सांगण्यानेच सगळा घोटाळा केला होता. हे ऐकून उठले. पडवीत गेले. मी मागून गेले नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि माघ आला. दुसऱ्या सीटचा मान आता सासूबाईंचा, पण त्यांनी तो परस्पर मला दिला. म्हणाल्या, माझ्याने त्यात बसवणार नाही, तू जा आणि त्यांचा नारळ ठेवून ये. इतकी वर्षं मी ज्यासाठी झुरले ते असं तबकात वाढून आलं आणि मला ते नको झालं होतं. तरी नवं लुगडं नेसले. हे म्हणाले होते पहाटे निघू, उन्हाचा त्रास नको. मामंजींचेच ते शब्द. ते यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

चांगलंच गारठलं होतं. मी नारळाची पिशवी घेऊन पडवीत आले तर यांनी बॉनेट उघडलेलं होतं. खटके काढून टोपी हातात घेतली होती आणि कंदील जवळ धरून आत बघत होते. मला वाटायचं, हे दर माघात पहाटे उठून पॉइंट तपासतात. मामंजी असताना प्रत्येक वर्षी, एसटीची वेळ व्हायच्या आत, हे असेच कंदील घेऊन पडवीत जात. त्या पहाटे मी जवळ उभी होते म्हणून मला यांचा चेहरा दिसला. तपासणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. पांढरं काही दिसावं, अशा आशेने हे आत शोधत होते.

"ठीक आहे ना सगळं?" मी विचारलं.

"कोरडं आहे," हे म्हणाले.

टोपी बसवली, खटके लावले, बॉनेट लावलं. मला म्हणाले, बैस. मी बसले. गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली, आणि मुरुडहून निघाली ती पालीपर्यंत कुठेही थांबली नाही.